शेजारचे पात्र : अभिजात नाटकांतील तुलनापात्रांचा आढावा

नाटकातील एखादी व्यक्तिरेखा प्रेक्षकाला तीन वाटांनी कळते : ती स्वतः काय बोलते आणि काय करते यावरून, इतर पात्रे तिच्याविषयी काय म्हणतात यावरून, आणि नाटककाराने तिच्या शेजारी कोणाला उभे केले आहे यावरून. पहिल्या दोन वाटा सहज लक्षात येतात. तिसरी नजरेआड राहते, कारण तिचे काम संवादातून होत नसून पात्रांच्या मांडणीतून होत असते. इंग्रजी समीक्षेत अशा शेजारच्या पात्राला ‘फॉइल’ म्हणतात. रत्न अधिक झळकावे म्हणून जवाहिरे त्याच्याखाली चकचकीत धातूचा पातळ पत्रा बसवत, त्यावरून ही संज्ञा आली. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘तुलनापात्र’ हा शब्द वापरला आहे. ज्या पात्राची परिस्थिती मुख्य पात्राशी पुष्कळ अंशी जुळते, पण ज्याचा स्वभाव किंवा निर्णय वेगळा असतो, आणि त्या वेगळेपणामुळे ज्याच्याकडे पाहताना मुख्य पात्र अधिक स्पष्ट दिसू लागते, ते तुलनापात्र.

या व्याख्येतील ‘जुळते’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा असून नेमका तोच बहुधा विसरला जातो. तुलनापात्र म्हणजे विरुद्ध स्वभावाचे पात्र, असा समज रूढ आहे आणि तो अपुरा आहे. राम आणि रावण एकमेकांच्या विरुद्ध आहेत, परंतु रावणाकडे पाहून रामाविषयी नवे असे फारसे काही कळत नाही. सुग्रीवाकडे पाहून मात्र कळते. दोघांचेही राज्य गेलेले आहे, दोघांचीही पत्नी दुसऱ्याच्या ताब्यात आहे, दोघेही रानात दिवस काढत आहेत. आणि राज्य व पत्नी परत मिळताच सुग्रीव पावसाळाभर सुखात रमून दिलेला शब्द विसरतो, तेव्हा त्याच पावसात सीतेच्या वियोगाने झुरणाऱ्या रामाची निष्ठा कोणीही न सांगता समोर येते. फरक दिसण्यासाठी आधी साम्य असावे लागते, हे तुलनापात्राचे पहिले तत्त्व आहे.

संस्कृत नाट्यशास्त्राने या जागेला स्वतंत्र नाव दिले नसले, तरी तिच्या आसपासच्या जागा फार काळजीपूर्वक आखून ठेवल्या आहेत. दहाव्या शतकात माळव्याच्या परमार राजा मुंजाच्या आश्रयाला असलेल्या धनंजयाच्या ‘दशरूपक’ या ग्रंथात नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त आणि धीरोद्धत असे चार प्रकार सांगितले आहेत. नायकाच्या मार्गात उभा राहणारा तो प्रतिनायक. तो लोभी, उद्धत, हेकट, पापी आणि व्यसनी असतो. मुख्य कथेबरोबर दूरवर चालणाऱ्या उपकथानकाला ‘पताका’ म्हणतात आणि त्या पताकेच्या नायकाला ‘पीठमर्द’. तो नायकाचा साथी असून गुणांनी त्याच्याहून किंचित उणा असतो. सुग्रीव हा अशा पताकानायकाचा नेहमीचा दाखला होय. प्रतिनायक संघर्ष निर्माण करतो आणि पीठमर्द साहाय्य करतो, परंतु त्या ‘किंचित उणा’ या अटीत तुलनेचे बीज स्पष्टपणे दडलेले आहे.

हे बीज किती फोफावू शकते याचे संस्कृतातील सर्वोत्तम उदाहरण म्हणून विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकाकडे बोट दाखवावे लागेल. वरवर पाहता ही चाणक्य आणि राक्षस या दोन मंत्र्यांची झुंज आहे. दोघेही बुद्धिमान आहेत, दोघेही हेरांचे जाळे चालवतात, आणि दोघांपैकी कोणीही स्वतःसाठी काही मागत नाही. राक्षस मारल्या गेलेल्या नंदांशी निष्ठा राखतो, तर चाणक्य चंद्रगुप्ताचे राज्य स्थिर करू पाहतो. राक्षस हा प्रतिनायक खरा, पण धनंजयाच्या यादीतला लोभी आणि पापी प्रतिनायक तो मुळीच नाही. त्याचा पाडाव करणे हे चाणक्याचे ध्येयच नसून त्याला चंद्रगुप्ताचा अमात्य करणे हे आहे. राक्षस मित्रासाठी हळवा होतो, माणसांवर पटकन विश्वास टाकतो, आणि याच चांगुलपणामुळे हरतो. चाणक्य कोणावरही पूर्ण विश्वास टाकत नाही आणि जिंकतो. राक्षस समोर नसता तर चाणक्याच्या विजयाची किंमत काय आहे, हा प्रश्न प्रेक्षकाला पडलाच नसता.

याहून सूक्ष्म जोडी आहे ती चंद्रगुप्त आणि राक्षस ज्याच्या बाजूने लढतो तो मलयकेतू या दोन तरुण राजांची. तिसऱ्या अंकात कौमुदीमहोत्सव चाणक्याने परस्पर थांबवला या कारणावरून चंद्रगुप्त आणि चाणक्य यांचे भांडण होते. हे भांडण दोघांनी संगनमताने केलेले नाटक असते, शत्रूच्या हेरांनी ते पाहावे एवढ्यासाठी रचलेले. तरीही खोटा राग दाखवतानासुद्धा गुरूचा अवमान झाल्याच्या जाणिवेने चंद्रगुप्ताचे मन कातरते. यानंतर दुसऱ्या छावणीत तेच भांडण खरोखर घडते. चाणक्याच्या माणसांनी पेरलेले बनावट पत्र, त्यावरील राक्षसाची मुद्रा आणि बरोबरचे दागिने यांवर विसंबून मलयकेतू राक्षसाला विश्वासघातकी ठरवतो, आपल्याच मित्र राजांना ठार करवतो आणि स्वतःचा घात करून घेतो. राजा आणि मंत्री यांच्यात बेबनाव, ही एकच स्थिती नाटककाराने दोनदा मांडली : एकदा लटकी आणि एकदा खरी. चंद्रगुप्त चांगला राजा आहे असे एकही पात्र पटवून देत बसत नाही. मलयकेतू आपल्या उतावळेपणाने ते सिद्ध करतो. मांडणीचे इतके काटेकोर भान नंतरच्या काळातही विरळाच आढळते.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त तुलना दोन माणसांपुरती न राहता पायरीपायरीने उतरत जाते. राजाचा मेहुणा शकार आणि दरिद्री झालेला चारुदत्त हा विरोध ढोबळ आहे. पण आठव्या अंकातील उद्यानाचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. गाडीच्या अदलाबदलीमुळे नायिका वसंतसेना शकाराच्या हाती सापडते आणि तिला मारून टाकण्यासाठी शकार आधी आपल्या विटाला, म्हणजे सोबतच्या सुशिक्षित आश्रिताला, गळ घालतो. विट नकार देतो. मग तो गाडी हाकणाऱ्या स्थावरक या दासाला आमिषे दाखवतो आणि मारझोड करतो. आपल्या देहावर धन्याची सत्ता असली तरी शीलावर ती चालत नाही, असे सुनावून दासही नकार देतो. शेवटी शकार तो प्रयत्न स्वतः करतो. एकाच ठिकाणी, एकाच स्त्रीच्या संदर्भात तीन माणसांपुढे एकच प्रश्न येतो, आणि सत्ता व संपत्ती यांत सर्वांत खाली असलेला माणूस सर्वांत स्वच्छ उत्तर देतो. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक संगीत रूपात मराठीत आणले, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला तुलनेची ही शिडी घरची झाली.

ही दृष्टी मराठी माणसाला केवळ पंडितांकडून मिळालेली नाही. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. तेथून त्या पंढरपुरात नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आल्या आणि आयुष्यभर स्वतःला नामयाची दासी म्हणवत राहिल्या. वारकरी परंपरेत सांगितली जाणारी गोवऱ्यांची कथा तुलनापात्राच्या तत्त्वाचा जणू वस्तुपाठ आहे. जनी आणि दुसरी एक बाई यांच्यात गोवऱ्यांवरून भांडण लागलेले असते आणि पंढरपुरात आलेल्या कबीरांपुढे तो तंटा येतो. दोघींच्या गोवऱ्या शेणाच्याच, आकाराने सारख्याच, डोळ्यांना भेद न दिसणाऱ्या. त्या कानाशी धरल्यावर जनीच्या गोवऱ्यांतून विठ्ठलनाम ऐकू येते आणि वाद मिटतो. कथेत भांडणारी दुसरी बाई दुष्ट नाही, तिला नावही नाही. ती फक्त तेच काम करणारी, तशाच कष्टाच्या संसारातली बाई आहे, आणि म्हणूनच जनीचे वेगळेपण तिच्यामुळे कळते. जनीच्या शेजारी एखादी राणी किंवा सावकारीण उभी केली असती, तर ही कथा दारिद्र्याची झाली असती, भक्तीची झाली नसती.

नामदेवांच्या घरातील दुसरी जोडी याहून नाट्यपूर्ण आहे. नामदेवांची पत्नी राजाई हिच्या नावे असलेल्या अभंगांतून, देवाच्या नादी लागलेल्या नवऱ्यामुळे होणारी संसाराची ओढाताण रखुमाईपुढे मांडलेली दिसते. एकाच छपराखाली, त्याच तुटपुंज्या शिधासामग्रीवर राजाई आणि जनी राहतात. एक त्या दारिद्र्याचा जाब विचारते, दुसरी त्यातच दळणकांडण करणाऱ्या विठ्ठलाला सोबत घेते. राजाईचा आवाज गाळून टाकला नाही, हे परंपरेचे मोठेपण आहे. कीर्तनात हरिदास जेव्हा आख्यान लावतो, तेव्हा एकटाच उभा राहून तो या दोघींचे बोलणे आवाज बदलून सादर करतो, आणि समोर बसलेल्या बायकांना राजाईचे म्हणणे तितकेच पटते. गोदावरीच्या काठी कीर्तनाने तयार केलेला हा श्रोता पुढे नाटकाचा प्रेक्षक झाला.

पाश्चात्त्य नाटकाचा उल्लेख येथे थोडक्यात पुरे. सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’त भावाच्या दफनाचा प्रश्न दोन सख्ख्या बहिणींपुढे येतो आणि इस्मीनीच्या भीतीमुळे अँटिगनीचे धैर्य मोजता येते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये बाप गमावलेले तीन मुलगे आहेत : विचारांत गुंतून पडणारा हॅम्लेट, क्षणात तलवार उपसणारा लेअर्टीस आणि फौज घेऊन निघालेला फॉर्टिनब्रास. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने हे नाटक मराठीत आणले आणि गणपतराव जोशी यांच्या चंद्रसेनाने, म्हणजे मराठी हॅम्लेटने, ते रंगभूमीवर गाजवले. एका अडचणीची तीन उत्तरे शेजारी शेजारी मांडण्याची ही रीत त्यामुळे मराठी नाटककारांच्या डोळ्यांसमोर होती.

मराठी रंगभूमीचा आरंभ मात्र तुलनेतून झाला नाही. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासूनच्या पौराणिक खेळांत देव आणि राक्षस समोरासमोर उभे असत. तेथे विरोध भरपूर होता, पण साम्य नसल्यामुळे तुलनेला जागा नव्हती. ती जागा अण्णासाहेब किर्लोस्करांनी केली. १८८२ च्या ‘सौभद्र’ नाटकात बलराम आणि कृष्ण हे दोघे भाऊ बहिणीचे भले इच्छितात, दोघांचेही सुभद्रेवर प्रेम आहे, पण बलराम दुर्योधनाची निवड करून सरळ मार्गाने लग्न ठरवतो आणि कृष्ण अर्जुनासाठी कारस्थान रचतो. बलराम येथे खलपुरुष नाही. तो भोळा, तापट आणि शब्दाचा पक्का वडीलभाऊ आहे. संन्याशाच्या वेषातील अर्जुनाला तो स्वतःच मान देऊन घरात घेतो, तेव्हा येणारे हसू दोन्ही भावांवरील लोभातून येते.

देवलांच्या १८९९ च्या ‘शारदा’ नाटकात शारदेची मैत्रीण वल्लरी हेच काम करते. मुलीचे लग्न म्हातारा भुजंगनाथ आणि पैशाला भुललेला बाप कांचनभट यांच्या व्यवहारातून ठरत असताना शारदा बोलू शकत नाही. जे तिने बोलावे असे प्रेक्षकाला वाटते ते वल्लरी फटकळपणे बोलते. वल्लरी त्याच वयाची, त्याच गावातली आहे. त्यामुळे शारदेचे मौन हा तिचा जन्मजात स्वभाव नसून तिच्या घराने तिच्यावर लादलेली गोष्ट आहे, हे उघड होते, आणि नाटकाचा रोख एका मुलीच्या दुबळेपणावर न राहता जरठ-कुमारी विवाहाच्या रूढीवर स्थिर राहतो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९११ च्या ‘मानापमान’मध्ये गरीब शूर धैर्यधरासमोर श्रीमंत भित्रा लक्ष्मीधर आहे. संगीत आणि विनोद यांच्या बळावर ही जोडी रंगते, पण तुलना म्हणून ती कच्ची आहे. लक्ष्मीधराला नाटककाराने एकही गुण दिलेला नसल्यामुळे नायिका भामिनीपुढे खरी निवडच उरत नाही. तुलनापात्राला स्वतःची बाजू नसेल, तर नायकाचा विजय स्वस्त होतो.

राम गणेश गडकऱ्यांनी हीच कला ज्या पातळीवर नेली, ती मराठीत आजही अजोड मानावी लागेल. त्यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच, १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांच्या सिंधूमुळे हे नाटक पतिव्रतेच्या त्यागाचे नाटक म्हणून स्मरणात राहिले, आणि त्या कीर्तीच्या झगमगाटात त्याची रचना झाकली गेली. मूळ रचनेत सिंधूचा दारूच्या आहारी जाणारा नवरा सुधाकर याच्याभोवती तुलना करण्यासाठी निदान तीन पुरुष उभे केलेले आहेत. पहिला तळीराम. तो सुधाकराचा कारकून. न्यायालयातील अपमानानंतर सनद काही काळासाठी रद्द झाल्याने खचलेल्या सुधाकराच्या हाती पहिला प्याला तोच देतो आणि आर्यमदिरामंडळ चालवतो. तळीरामाला दारूचे समर्थन करता येते, कारण त्याला स्वतःविषयी कसलाही भ्रम नाही. सुधाकराला ते जमत नाही, कारण आपण कोण होतो हे तो विसरू शकत नाही. दोघांचाही शेवट दारूपायीच होतो, परंतु तळीरामाच्या आजारपणाभोवती वैद्य-डॉक्टरांचा विनोद आहे आणि सुधाकराच्या शेवटाभोवती तो नाही. एकाच मृत्यूची दोन रूपे दाखवून गडकऱ्यांनी शोकांतिका म्हणजे नुसता वाईट शेवट नव्हे, तर स्वतःची घसरण स्वतःला दिसत असण्याची यातना होय, हे सिद्ध केले.

दुसरे तुलनापात्र भगीरथ हे आहे आणि ते सर्वांत दुर्लक्षित आहे. प्रेमभंगाने दारूकडे वळलेला हा तरुण रामलालच्या सांगण्याने व्यसनातून बाहेर पडतो आणि समाजाच्या कामाला लागतो. त्याच्यामुळे नाटकाचा अर्थ बदलतो. भगीरथ नसता, तर प्याल्याला एकदा हात लागला की सुटका नाही, असा सरळ नियतिवादी निष्कर्ष निघाला असता. भगीरथ सुटतो म्हणून सुधाकर का सुटत नाही हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर दारूत न सापडता सुधाकराच्या मानी स्वभावात सापडते. सुधाकरही एकदा प्याला सोडतो, नोकरी शोधत फिरतो. ओळखीच्या माणसांकडून झालेला अव्हेर त्याला सोसवत नाही आणि तो परत फिरतो. भगीरथाला स्वतःपेक्षा मोठे काहीतरी सापडलेले असते, सुधाकराला ते सापडत नाही. तिसरा रामलाल, बालविधवा शरदविषयी आपल्या मनात जागणारी ओढ ओळखून ती आवरणारा हा सज्जन, मोहाची झुंज फक्त दारूपुरती नाही हे दाखवून देतो.

स्त्रियांची जोडी आहे सिंधू आणि गीता यांची. दोघींचेही नवरे दारुडे आहेत. श्रीमंत माहेर असूनही नवऱ्याच्या शब्दाखातर सिंधू तेथील मदत नाकारते आणि दळणकांडण करून घर चालवते. तळीरामाची बायको गीता मात्र नवऱ्याच्या तोंडावर त्याच्या वागण्याचा उद्धार करते. सिंधूचा आदर्श आजच्या वाचकाला सहजासहजी मानवत नाही आणि तो मानवू नये हेच योग्य आहे. पण हे न मानवणे गडकऱ्यांच्या नाटकाबाहेरून आणावे लागत नाही, कारण ते गीतेच्या रूपाने नाटकातच बोलत असते. गीता विनोदी पात्र म्हणून लिहिली गेली, हसण्याच्या टप्प्यात ठेवली गेली, आणि तरीही दारुड्या नवऱ्याच्या बायकोने काय म्हणावे हे तीच म्हणते. नाटककाराने कौल सिंधूच्या बाजूने दिला असला, तरी दुसऱ्या बाजूचा जबाब त्याने नोंदवून ठेवला आहे, आणि ही त्याची प्रामाणिकता आहे.

स्वातंत्र्योत्तर नाटकात पु. ल. देशपांडे यांच्या १९५७ च्या ‘तुझे आहे तुजपाशी’मधील काकाजी आणि आचार्य ही सर्वांत लोकप्रिय जोडी. जीवन रसिकतेने भोगणारे काकाजी आणि विरक्तीचा उपदेश करणारे आचार्य हे एकाच वाड्यात वावरतात, आणि दोघांनाही तेथील तरुणांविषयी आस्था आहे. या जोडीचा कस लागतो तो उत्तरार्धात, जेव्हा आचार्य आपल्या व्रतस्थ आयुष्यातील रितेपण बोलून दाखवतात. तोपर्यंत हास्याचा विषय असलेला माणूस येथे करुण होतो, आणि काकाजींनी त्यांच्यावर मात करण्याऐवजी त्यांना समजून घेतल्यामुळे काकाजींची रसिकता म्हणजे नुसता चैनीपणा नव्हे हे पटते. लक्ष्मीधराच्या बाबतीत जे राहून गेले ते येथे साधले आहे.

विजय तेंडुलकरांनी तुलनेचा हा सौम्यपणा काढून टाकला. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ च्या नाटकात, लुटुपुटूच्या खटल्यात बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो तेव्हा साक्षी-पुराव्यांत सर्वांत उत्साहाने भाग घेणारी बाई म्हणजे मूल नसलेली मिसेस काशीकर. अविवाहित गर्भवती आणि विवाहित निपुत्रिक या दोघींना एकाच समाजाने दोन बाजूंनी मोजलेले आहे, पण त्यातली एक दुसरीच्या विरुद्ध उभी राहते. ज्यांच्यामुळे हे सारे घडले ते प्रोफेसर दामले नाटकात येतच नाहीत.

तेंडुलकरांच्या तुलनातंत्राचा कळस ‘सखाराम बाइंडर’ हा आहे. कमलाकर सारंगांच्या दिग्दर्शनाखाली १९७२ मध्ये ते रंगभूमीवर आले. निळू फुल्यांचा सखाराम आणि लालन सारंगांची चंपा यांनी ते गाजवले आणि सेन्सॉरशी झालेल्या झगड्याने वादग्रस्त केले. नवऱ्यांनी टाकलेल्या किंवा नवऱ्यांना सोडलेल्या बायका घरी आणून आपल्या अटींवर ठेवणाऱ्या सखारामाच्या घरात आधी लक्ष्मी येते आणि मग चंपा. घर तेच, भांडी तीच, अटीही त्याच. लक्ष्मी देवभोळी, सोशिक, घरातील मुंगळ्याशी लाडाने बोलणारी. चंपा तोंडाळ, दारू पिणारी, फौजदार नवऱ्याला लाथाडून आलेली. येथपर्यंत नाटक ओळखीच्या वाटेने जाते आणि प्रेक्षक मनातल्या मनात सोज्वळ आणि उच्छृंखल अशी वाटणी करून मोकळा होतो. मग तेंडुलकर दोघींना एकाच वेळी त्या घरात ठेवतात. निराधार होऊन परत आलेल्या लक्ष्मीला सखाराम हाकलू पाहतो, तेव्हा तिला ठेवून घेणारी चंपा असते. आणि चंपाचे सखारामाचा मित्र दाऊद याच्याशी असलेले संबंध सखारामाला सांगून तिच्या मरणाला कारण होणारी लक्ष्मी असते. खून करून हतबुद्ध झालेल्या सखारामाला धीर देत प्रेत पुरण्याची तयारी लक्ष्मीच करते, आणि हे तिच्या श्रद्धेच्या विरुद्ध नसून तिच्या श्रद्धेतूनच येते. मुंगळ्यावर माया करणारे मन चंपावर ती करू शकत नाही, कारण मुंगळा निष्पाप आणि चंपा पापी, असा निवाडा त्या मनाने आधीच केलेला असतो. तुलनापात्रे एकमेकांशेजारी ठेवून प्रेक्षकाच्या नीतिकल्पना उलट्या करणे, हे येथे पूर्णत्वाला गेले आहे.

महेश एलकुंचवारांच्या १९८५ च्या ‘वाडा चिरेबंदी’त आवाज चढत नाही, पण मांडणी तितकीच दाट आहे. विदर्भातील देशपांड्यांच्या खचत चाललेल्या वाड्यात थोरला भास्कर गावी राहिलेला आणि त्याच्याहून धाकटा सुधीर मुंबईला गेलेला. वडिलांच्या मृत्यूने दोघे समोरासमोर येतात आणि राहिलेल्याला गेलेल्याचे, तर गेलेल्याला राहिलेल्याचे आयुष्य सुखाचे वाटत असते. परंतु या नाटकातली खरी भेदक जोडी आत्या आणि भाची यांची आहे. आत्या प्रभाला शिकायचे होते, पण घराने तिला शिकू दिले नाही. रंजूला शिकवणी लावून शिकवले जाते, पण तिचे मन सिनेमात, आणि शेवटी ती शिकवायला येणाऱ्या मास्तराबरोबरच घरातले दागिने घेऊन निघून जाते. एका पिढीला जे नाकारले ते दुसऱ्या पिढीवर लादणारे घर दोघींनाही गमावते. त्या घराची ही नामुष्की भास्कर-सुधीरच्या संवादांतून जेवढी कळत नाही, तेवढी ती प्रभाच्या मूक वावरातून कळते.

मराठवाड्याने या परंपरेत घातलेली भर म्हणजे नांदेडच्या दत्ता भगत यांचे ‘वाटा पळवाटा’. बाबासाहेब आंबेडकरांच्या काळातील चळवळीत घडलेले काका, प्राध्यापक होऊन मध्यमवर्गात स्थिरावलेला सतीश आणि अन्यायाला तत्काळ उत्तर मागणारा तरुण अर्जुन, अशा तीन पिढ्या येथे एका घरात वाद घालतात. शत्रू घराबाहेर आहे आणि तो सर्वांचा एकच आहे. म्हणून आतल्या तिघांमधला फरक अधिक बोचतो. सतीशची ब्राह्मण पत्नी हेमा या वादाकडे जवळून आणि तरीही बाहेरून पाहते. भगत यांनी कोणाही एकाला नाटकाचा प्रवक्ता केले नाही. गोदावरीच्या या पट्ट्यातील वाचकाला हे वाद सभांतून आणि घराघरांतून परिचित आहेत, परंतु त्यांना इतकी तोलून धरलेली नाट्यरूपे फार थोडी मिळाली आहेत.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान दिसते आणि दिग्दर्शकाच्या दृष्टीने तीच कळीची आहे. सुग्रीव, मलयकेतू, भगीरथ, गीता, प्रभा ही सारी ‘दुय्यम’ पात्रे होत. जुने पाच अंकी नाटक आजच्या दोन-अडीच तासांत बसवायचे तर छाटणी अटळ असते आणि कात्री आधी दुय्यम पात्रांवरच चालते, कारण कथानक त्यांच्यावाचून अडत नाही. भगीरथ काढला तरी ‘एकच प्याला’ची गोष्ट पूर्ण होते; अर्थ मात्र पूर्ण होत नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या परभणी केंद्रावर उतरणाऱ्या, गंगाखेड-पाथरी-सेलूच्या शाळा-महाविद्यालयांत जुनी नाटके बसवणाऱ्या हौशी मंडळींनी संहिता हातात घेतल्यावर लांबलेली स्वगते कमी करावीत, पदांची कडवी कमी करावीत, नेपथ्याचा खर्च तर अवश्य कमी करावा. पण गीतेचा प्रवेश आणि भगीरथाचा प्रवेश यांना हात लावू नये, आणि त्या भूमिका उरलेल्या नटांना वाटून देण्याऐवजी संस्थेतील सर्वांत जाणत्या नटांकडे द्याव्यात.